फळी एकटी आली

आमच्याकडे साखर कारखान्याचा हंगाम संपला की ‘कारखाना बंद झाला’ असं कुणी म्हणत नाही. ‘पट्टा पडला’ म्हणतात. गव्हाणीतला ऊस आत नेणारा पट्टा शेवटची मोळी टाकून थांबतो, त्यावरून हा शब्द आला. बारामती आणि इंदापूर या दोन तालुक्यांच्या बातम्या देणं हे माझं काम असल्यानं तो मला दरवर्षी मथळ्यात लिहावा लागतो. पण तो कारखान्यापुरता राहिलेला नाही. लग्नात शेवटची पंगत उठली की पट्टा पडला. पारावर एखादा म्हातारा बसल्या बसल्या पेंगला की पट्टा पडला. माझ्या थोरल्या बहिणीचे यजमान, म्हणजे आमचे दाजी, जेवून उठताना पोटावरून हात फिरवून हेच म्हणतात.

हे आधी सांगायचं कारण एवढंच, की हिमाचलमधल्या एका बर्फाच्या डोंगरावर या शब्दामुळे दाजींना शोधायला उशीर झाला.

दाजी सोमेश्वरनगरच्या बाजूचे, कालव्याकाठचे ऊसवाले. बहिणीला मी आक्का म्हणते. आम्ही दोघी लोणी भापकरच्या कोरडवाहू रानातल्या. पट्टा पडला की ऊसवाल्यांना थोडी उसंत मिळते आणि तेव्हाच आमच्याकडे सहली निघतात, बहुतेक देवाला. त्या वर्षी दाजींनी मोबाइलवर बर्फावरून घसरत जाणारी माणसं बघितली आणि देव रद्द केला.

“देव काय, पुढच्या वर्षीबी तितंच हाय,” ते म्हणाले. “बरफ ऱ्हाईल का न्हाय, कुणी सांगावं?”

आक्कानं मला फोन केला. “तू चल. हे माझं ऐकत न्हाईत. तुझंबी ऐकत्यात असं न्हाय, पण तुला जरा बुजत्यात.”

निघायच्या आधल्या रविवारी मी त्यांच्याकडे गेले तेव्हा दाजी कालव्याच्या भरावावर उभे होते. पाइपलाइनचा एक पीव्हीसी पाइप त्यांनी उभा चिरून दोन पन्हाळी केल्या होत्या आणि सुतळीनं पायांना बांधल्या होत्या. भरावाच्या शेताकडच्या उतारावर त्यांनी पाचट पसरलं होतं. खाली भावकीतली चार माणसं मोबाइल धरून उभी होती. आक्का मागं कालव्याच्या बाजूला उभी होती, कारण तिला भीती उताराची नव्हती, पाण्याची होती. दाजी पाचटावरून दोन हात घसरले आणि बसले. पुन्हा चढले. पुन्हा बसले. तिसऱ्यांदा मात्र तळापर्यंत गेले आणि खालच्या खोडव्यात शिरले.

“काय पत्रकारबाई, लिवा की,” उसातून आवाज आला. “शेतकऱ्याची गरुडझेप.”

“थांबायचं कसं ते शिकलात का, दाजी?”

“थांबायला काय लागतंय? ऊस हाय की.”

सहलीच्या गटात वालचंदनगरचे एक तात्या होते. तिथल्या कंपनीच्या मशिन शॉपमधून सुपरवायझर म्हणून निवृत्त झालेले, क्वार्टर सोडूनही क्वार्टरच्या शिस्तीत राहणारे. कुठलंही यंत्र दिसलं की ते थांबायचे. बर्फाच्या गावी पोचल्यावर सगळ्यांनी डोंगराचे फोटो काढले. तात्या खुर्च्यांच्या दोरवाटेखाली जाऊन चाकांचा आवाज ऐकत उभे राहिले. या दोरवाटेला आमच्या लोकांनी पहिल्याच दिवशी ‘पाळणा’ नाव दिलं. जाड पोलादी दोराला दोघादोघांच्या उघड्या खुर्च्या लटकलेल्या, त्या देवदारांवरून जात जात वरच्या उतारापर्यंत पोचत.

“दोराचं काही नाही,” तात्या मला म्हणाले. “दोर तुटत नाही. खुर्ची दोराला धरून ठेवते तो जबडा असतो. त्याची स्प्रिंग कधी बदलली ते विचारायला पाहिजे.”

“विचारू का?”

“नको. बदलली नसली तर?”

त्या संभाषणानंतर मी पाळण्यात बसले नाही. बाकीचे बसले. मी खालच्या सोप्या उतारावर शिकत राहिले आणि वर जाणाऱ्या प्रत्येक खुर्चीकडे बघत राहिले.

तिथलाही हंगाम सरत आला होता. दुकानदार अर्ध्या फळ्यांना मेण लावून त्या माळ्यावर चढवत होते. फळ्या म्हणजे स्की. हाही आमच्याच लोकांचा शब्द. आम्हाला मिळालेल्या फळ्या जुन्या होत्या. बूट फळीतून सुटला तर फळी पळून जाऊ नये म्हणून घोट्याला बांधायचा एक पट्टा तिला होता. गावातला तरुण प्रशिक्षक रोज सकाळी ओळीनं सगळ्यांच्या घोट्यांकडे बघत जायचा आणि म्हणायचा, “पट्टा बाँधो. पट्टा गया तो स्की गया.” पहिल्या दिवशी हे ऐकून आमच्या गटातले सगळे हसले होते. त्याला कळेना. दाजींनी त्याला मोडक्या हिंदीत ऊस, कारखाना आणि गव्हाण समजावून सांगितली. तो नम्रपणे मान हलवत राहिला.

आक्कानं फळ्या हातात आल्या आल्या पर्समधून डबी काढून त्यांना हळद-कुंकू लावलं. नवा ट्रॅक्टर दारात आला तरी ती हेच करते. दुकानदार आधी म्हणाला, “डाग पडेल.” मग त्यानं नमस्कार केला.

सकाळ फार सुंदर असायची, हे मान्य करायला हवं. रात्रीच्या गारठ्यानं बर्फ काचेसारखा घट्ट व्हायचा. ऊन चढलं की त्याचा वरचा थर मोकळा होऊन दाणेदार व्हायचा आणि फळी त्यावरून आवाज करत पळायची. लोक स्वेटर कमरेला बांधून घसरायचे. सगळ्यांची नाकं सोलवटलेली. दाजींनी पहिल्या दिवशी मूठभर बर्फ तळहातावर घेऊन अंगठ्यानं चोळला, जसा कारखान्यात साखरेचा दाणा बघतात तसा.

“एम-थर्टी,” ते म्हणाले. “एक नंबर माल हाय.”

मीही घसरले. पडले, उठले, पुन्हा घसरले. वारा कानात शिरायचा. ते मला आवडलं की नाही, हे ठरवता आलं नाही.

दुपार वेगळी असायची. जेवणाच्या वेळेपर्यंत बर्फाची काकवी व्हायची. फळी मध्येच धरली जायची, माणूस पुढं जायचा. प्रशिक्षकानं एकदा काठी बर्फात खुपसून आम्हाला जवळ बोलावलं आणि कान लावायला सांगितलं. आत पाणी वाहत होतं. “दोपहर के बाद ऊपर की ढलान पर कोई नहीं जाएगा,” तो म्हणाला. “ऊपर से पक्का दिखता है. नीचे पानी चल रहा है.”

दाजी उठून उभे राहिले. त्यांचा चेहरा त्या वेळी प्रथमच गंभीर झालेला मी बघितला. “भराव फुटायच्या आधी असंच असतं,” ते हळू म्हणाले. “वरनं कोरडा. आन पायाखाली गार लागतं.” त्यांनी पाण्याच्या पाळीला रात्री कालव्यावर फिरलेल्या माणसाच्या खात्रीनं हे सांगितलं. म्हणजे धोका त्यांना कळला होता. तरीही ते वर गेले.

शेवटच्या दिवशी गावानं हंगामाचा समारोप ठेवला होता. उताराच्या पायथ्याशी मोठा खड्डा करून त्यात वितळलेलं पाणी साठवलं होतं. वरून वेगानं यायचं आणि फळ्यांवरून पाणी पार करायचं. जमलं तर टाळ्या, नाही जमलं तर जास्त टाळ्या. लोक सोंगं घेऊन आले होते. एक जण नवरी झाला होता, दुसरा पोलीस. कर्ण्यावर गाणी, कढईत भजी, उन्हात वाळत घातलेले मोजे. आमचा प्रशिक्षक पाण्याच्या काठावर उभा राहून बुडणाऱ्यांना ओढून काढत होता. जेवणानंतर दाजी म्हणाले, “मी जरा पाळण्यातनं वर जाऊन च्या पिऊन येतो.” वरच्या थांब्यावर चहाची टपरी होती. फळ्या त्यांनी खांद्यावर घेतल्या.

“फळ्या कशाला?” आक्का म्हणाली.

“हितं ठिवल्या तर ती नवरी घिऊन जाईल.”

त्यानंतर बराच वेळ गेला. दरीतून ढग वर येऊ लागले. ते रोज दुपारी यायचे, पण त्या दिवशी त्यांनी देवदार आणि पाळण्याचे वरचे खांब लवकर झाकले. आक्काचा फोन वाजला. कर्ण्याचा आवाज मोठा होता. तिनं एका कानात बोट घातलं.

“हॅलो… काय म्हनता?… पट्टा? बरं, बरं. या सावकाश.” तिनं फोन कमरेला खोचला आणि हसत आमच्याकडे वळली. “ह्यांचा पट्टा पडला म्हणं.”

“एवढ्यात?” तात्या म्हणाले. “वर टपरीवर झोपू नका म्हणावं. थंडीनं बेअरिंग जाम होतील.”

आम्ही हसलो. पोलीस पाण्यात पडला, त्यालाही हसलो.

मग ढगातून एक फळी आली.

ती एकटी होती. वरच्या उताराचा जो भाग अजून दिसत होता त्यावर ती ढगाच्या कडेतून बाहेर आली आणि सरळ खाली येत राहिली, जणू कुणीतरी तिच्यावर उभं होतं आणि फक्त दिसत नव्हतं. पायथ्याजवळच्या सपाटीवर तिचा वेग कमी झाला. पाण्याच्या काठाशी येऊन ती तिरकी झाली आणि थांबली. लोकांना तो कार्यक्रमाचाच भाग वाटला. टाळ्या पडल्या, शिट्ट्या वाजल्या. कर्ण्यावरचा माणूस काहीतरी बोलला आणि पुन्हा हशा झाला.

आक्का पुढं गेली. फळीच्या वळलेल्या टोकाला ओलसर पिवळा-तांबडा डाग होता.

“ही आमची हाय,” ती म्हणाली. नंतर माझ्याकडे बघून म्हणाली, “ह्यांनी पट्टा पडला म्हणलं. पुढं काहीतरी म्हणलं. गेली, गेली असं काहीतरी. मला वाटलं, गाडी गेली.”

मी फळीच्या बाजूला बघितलं. घोट्याचा पट्टा जिथं असतो तिथं नुसती कडी होती.

दाजींचा फोन लागेना. मी वरच्या टपरीत फोन लावून द्या म्हणून पाळणेवाल्याला सांगितलं; त्याच्याकडे वायरचा फोन होता. टपरीवाला म्हणाला, तो जाडा माणूस चहा पिऊन कधीच फळ्या घालून गेला. कुठं गेला ते ढगामुळे दिसलं नाही.

भीतीची बातमी कशी लिहायची, याचं मला शिक्षण नाही. मी एवढंच नोंदवू शकते की त्या क्षणी माझ्या हातातला भज्यांचा कागद तसाच राहिला आणि तो मी पुढं पुष्कळ वेळ धरून होते. गाणी वाजत होती. प्रशिक्षकाला मी ओरडून सांगितलं. त्यानं फळी बघितली, वर ढगाकडे बघितलं, आणि त्याच्या चेहऱ्यावरचं हसू गेलं. त्यानं दोन सोबती गोळा केले. खोपटातून घसरगाडी काढली. जखमी माणसाला निजवून ओढत आणायची लांब होडीसारखी गाडी.

दरम्यान आक्का उतार चढायला लागली होती. साडीवर स्वेटर, पायात भाड्याचे गमबूट. प्रत्येक पावलाला पाय मांडीपर्यंत आत जात होता. तात्यांनी तिला हाक मारली, ती थांबली नाही. दोघांनी जाऊन तिला धरून आणलं.

प्रशिक्षक माझ्याजवळ आला. “घर का कोई एक ऊपर चले. लिफ्ट ढलान के ऊपर से जाती है. हमारी आवाज़ वो नहीं पहचानेंगे, आपकी पहचानेंगे. या तो आप, या ये.”

आक्काला खुर्चीत बसवलं असतं तर तिनं मधेच उडी मारली असती, याबद्दल माझ्या मनात शंका नव्हती. मी बसले.

खुर्चीनं मागून गुडघ्यांवर धक्का दिला आणि जमीन सुटली. पुढच्या खुर्च्यांमध्ये ते तिघे होते. थोड्याच वेळात ते ढगात गेले आणि मग मीही गेले. त्यानंतर दोर, माझे हात आणि पांढरं, एवढंच उरलं. प्रत्येक खांबावर खुर्ची चाकांखालून जाताना खडखड व्हायची आणि दर वेळी मला जबडा आठवायचा. लोखंडाचा दांडा इतका गार होता की तळवे चिकटत होते. पुढून त्यांच्या हाका ऐकू येत होत्या, “अंकल! अंकल!” त्यांना उत्तर येत नव्हतं.

मी हाक मारली, “दाजी!”

काही नाही. खांब गेला. खडखड.

“दाजीऽऽ!”

“वरडू नका!”

आवाज माझ्या पायांखालून आला. अगदी खालून, इतक्या जवळून की मी पाय वर घेतले.

“दाजी, कुठं आहात?”

“हळू बोला की, बाई. बरफ हलतंय.” ते कुजबुजल्यासारखं बोलत होते, पण त्या ढगात शब्द न् शब्द येत होता. “वरचं फाटलंय. शेजारनं येक लोंढा गेला. पाय मुरगाळलाय. मी हलत न्हाय.”

“हलू नका. माणसं येतायत.”

“आक्का कुठं हाय?”

तोपर्यंत खुर्ची पुढं गेली होती. पाळणा थांबत नाही. माणूस पायाखाली आहे हे कळल्यावरही मी वर वर जात राहिले, आणि “खाली आहे, खाली” हे माझं उत्तर त्यांच्यापर्यंत पोचलं की नाही ते मला कळलं नाही, कारण मी ते कुजबुजून दिलं होतं. बर्फ आवाजानं घसरत नाही, असं प्रशिक्षकानं नंतर सांगितलं. दाजींनी ते सिनेमात बघितलं होतं. म्हणून त्यांनी ‘अंकल’ म्हणणाऱ्यांना ओ दिली नव्हती. ते अंग चोरून, श्वास धरून बसले होते आणि त्यांना शोधणारी माणसं त्यांच्यावरून निघून गेली होती.

वरच्या थांब्यावर ते तिघे फळ्या बांधून उभे होते. मी खुर्चीतून उतरताना पडले आणि पडल्या पडल्याच सांगितलं. दोन खडखडींच्या मधे. दोराच्या बरोबर खाली. वर भेग आहे. पाय दुखावलाय. प्रशिक्षकानं एकदा विचारलं, “दरार देखी उन्होंने? पक्का?” मी हो म्हटलं. तो सोबत्यांशी त्यांच्या बोलीत काहीतरी बोलला. त्यातल्या एकानं मान हलवली, ती होकाराची की नकाराची ते मला ओळखता आलं नाही. मग ते एकामागून एक, मधे अंतर ठेवून, घसरगाडी घेऊन पांढऱ्यात उतरले.

वरच्या पाळणेवाल्यानं मला परतीच्या खुर्चीत बसवलं. उतरताना त्याच जागेवरून पुन्हा जायचं होतं. ती जागा नेमकी कुठली, हे मला आता कळत नव्हतं. हाक मारावी तर बर्फ. न मारावी तर कळणार कसं? मी मारली नाही. खाली कुठंतरी ओल्या पोत्याची थप्पी कोसळावी तसा आवाज झाला आणि बराच वेळ चालू राहिला. त्यानंतर काहीच ऐकू आलं नाही. मी दांडा धरून डोळे मिटले. उघडे ठेवले असते तरी तेच दिसलं असतं.

खाली पोचले तेव्हा गाणी बंद होती. नवरी आणि पोलीस घोंगड्या पांघरून आक्काच्या दोन्ही बाजूंना उभे होते. आक्कानं माझ्याकडे बघितलं.

“सापडले,” मी म्हणाले. “बोलले माझ्याशी. तुझं विचारत होते.”

“मग आवाज कशाचा झाला?”

मी नुसती तिच्याजवळ उभी राहिले. तात्या टोपी काढून उभे होते. मी त्यांना टोपी घालायला सांगितली.

घसरगाडी ढगातून बाहेर आली तेव्हा आधी पुढचा माणूस दिसला, मग दोऱ्या, मग गाडी. गाडीवर केशरी कापडात गुंडाळलेलं काहीतरी होतं. कापडाचा तोंडाकडचा भाग उघडा आहे की झाकलेला, हे दिसेपर्यंत आम्ही पुढं सरकत राहिलो. उघडा होता. दाजींचे डोळेही उघडे होते आणि ते सरळ आकाशाकडे लागले होते.

“अवो,” आक्का म्हणाली.

त्यांनी डोळे वळवले. विनोद येईल म्हणून आम्ही सगळे थांबलो. आला नाही.

“भ्यालो,” ते म्हणाले. “लई भ्यालो.”

आमच्या भागात त्यांच्या वयाचा माणूस चारचौघांत हा शब्द उच्चारत नाही. तात्यांनी मान दुसरीकडे वळवली.

नंतर जे कळलं ते असं. वर चहा पिऊन दाजींना वाटलं, दोन वळणं घेऊन खाली उतरू. तिसऱ्या वळणावर फळी ओल्या बर्फात धरली गेली, बूट सुटला, कडीपाशी पट्ट्याची शिवण उसवली आणि पट्टा पडला. त्यांनी तेच फोनवर सांगितलं: “पट्टा पडला, फळी गेली, पाय मुरगाळलाय, कुणाला तरी पाठवा.” त्यातलं पहिलंच नीट पोचलं. मग गारठ्यानं फोन मेला. ते बसून राहिले. वर एक भेग उघडताना त्यांनी बघितली आणि शेजारून बर्फाचा लोंढा गेला. मी ऐकला तो दुसरा लोंढा, घसरगाडी दाजींना घेऊन निघाल्यावर गेला, ते बसले होते त्या जागेवरून. हे प्रशिक्षकानं मला बाजूला घेऊन सांगितलं आणि विचारलं, “अंकल को बताना है?” मी नको म्हटलं. आक्कालाही आम्ही सांगितलं नाही.

गावातल्या दवाखान्यात डॉक्टरांनी गुडघ्याला पट्टी बांधली, हाड शाबूत आहे म्हणाले, गरम पिशव्या दिल्या. दाजींना एका छोट्या खोलीत झोपवलं. संध्याकाळ व्हायची होती. खिडकीतून डोंगर दिसत होता. त्यांनी पडदा ओढायला सांगितला. पडदा ओढल्यावर खोली पांढरी झाली, तेव्हा घाबरून पुन्हा उघडायला सांगितला.

“डोळं मिटलं की तेच दिसतंय,” ते आक्काला म्हणाले. “काहीतरी बोल. तुझा आवाज येऊंदे.”

“काय बोलू?”

“कायबी.”

आक्कानं मला बाहेर जायला सांगितलं. मी दाराबाहेरच्या बाकावर बसले. दार अर्धवट लोटलेलं होतं. आक्काला ठरवून बोलायची सवय नाही. मग तिनं सुरुवात केली. खालच्या तुकड्यातल्या खोडव्याला खत घातलंय का, शेजाऱ्यानं बांध कोरलाय तो आता बोलायचा का पावसाळ्यानंतर, गाभण म्हशीला कोण बघत असेल, थोरल्या जावेनं पापड करायला घेतले असतील आणि उडदाचं पीठ नेहमीसारखं सैल केलं असेल.

“व्हय,” आतून यायचं.

“तिला किती येळा सांगितलं, पापडखार बघून घाल.”

“व्हय.”

“पाळीचं पाणी आपल्याला बुधवारी का गुरुवारी?”

“गुरुवारी.”

मी बाकावर बसून ते ‘व्हय’ ऐकत होते. प्रत्येक ‘व्हय’नंतर मला श्वास घेता यायचा आणि पुढचं येईपर्यंत मी थांबायचे. आक्का बोलत राहिली. खत, बांध, म्हैस, परत पापड. मग तिनं काहीतरी विचारलं आणि ‘व्हय’ आलं नाही. तिनं पुढचं विचारलं. तेव्हाही आलं नाही.

मी उठून दार ढकललं.

दाजींचं तोंड उघडं होतं आणि छाती वर-खाली होत होती. आक्काच्या मनगटावर त्यांची मूठ होती, झोपेतही घट्ट. तिनं दुसऱ्या हाताचं बोट ओठावर ठेवलं, मला गप्प बसायची खूण केली, आणि आवाज न थांबवता, त्याच संथपणे, म्हशीबद्दल पुढं सांगत राहिली.